पाईप कोणी फोडला

आधीच सांगून टाकतो, माझ्या नाकावर राग असतो. कामात ढिलाई केलेली मला चालत नाही. कोणी नळाला सुतळी गुंडाळताना दोन वेढे कमी दिले तरी माझं डोकं फिरतं, मग समोर मल्याळी असो, पठाण असो की आमच्या गावचा असो. दुबईला जुमैरातल्या आमच्या कंपाउंडमध्ये मला सगळे मागून ‘गरम मिस्तरी’ म्हणायचे. म्हणू देत. चौदा वर्षं त्या कंपाउंडचा पाण्याचा प्रत्येक थेंब माझ्या हाताखालून गेला. माझं काम कधी गळलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही.

कंपाउंड म्हणजे एका इंजिनिअरिंग कंपनीच्या साहेब लोकांचे अठरा व्हिला आणि मधोमध पोहायचा तलाव. त्याची देखभाल माझ्याकडे. गावाकडचे लोक विचारतात, दुबईत कसली आलीय थंडी? अहो, असते. डिसेंबर-जानेवारीत तलावाचं पाणी इतकं गार पडतं की पोरंसुद्धा पाय घालत नाहीत. म्हणून दर वर्षी डिसेंबरला आम्ही तलाव बंद करायचो. पाणी अर्ध्यावर आणायचं, पंप थांबवायचा, जमिनीखालच्या लाईनी रिकाम्या करायच्या, टाईल्स दुरुस्त करायच्या. मार्चमध्ये परत भरायचा.

बाबाजी माझ्या हाताखाली होता. तलाव साफ करायचा आणि बाग सांभाळायचा, दोन्ही कामं. तोही कणकवलीच्या आतल्या भागातला, माझ्या गावापासून दोन मैलांवरचा. त्याला मीच आणला. त्याआधी दोन एजंटांनी त्याला मुंबईपर्यंत नेऊन टोप्या घातल्या होत्या. दोन्ही वेळा गावाने त्याला हार घालून निरोप दिला आणि दोन्ही वेळा तो महिन्याभरात मान खाली घालून घरी आला. वय अडतीस. पोरंटोरं त्याला ‘दुबईकर’ म्हणून चिडवायची. तिसऱ्या खेपेला मी कंपनीत शब्द टाकला आणि व्हिसा पाठवला. उतरला त्या दिवशी विमानतळावर माझ्या पाया पडायला लागला. मी त्याच्यावर खेकसलो, म्हटलं, हे असले प्रकार इथे नकोत, सरळ उभा राहा.

दिवसभर आमच्या तोंडात हिंदी आणि मोडकी इंग्रजी. मालवणी फक्त आम्हा दोघांत. तो मला दादानू म्हणायचा. मी त्याला काय काय म्हणायचो ते इथे सांगण्यासारखं नाही.

दोन हजार सालची गोष्ट. कंपाउंडमध्ये चार मराठी कुटुंबं होती. त्यातले शैलेंद्र सर म्हणजे कंपनीचे ॲडमिन मॅनेजर, पुण्याचे. माझे आणि बाबाजीचे सगळे कागद त्यांच्याच सहीने हलायचे. त्यांच्या बायकोला, विभावरी मॅडमना, त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं करायचं होतं. करामा वस्तीतून, शारजातून बायका येणार, शंभरेक तरी. घरात मावणार कशा? मॅडम म्हणाल्या, तलाव बंदच आहे, तर त्याच्या बाजूच्या हिरवळीवर मांडव घालू या. सरांनी हेड ऑफिसला न विचारता हो म्हटलं. मला म्हणाले, “सूर्यकांत, जरा मॅनेज कर. छोटासा शामियाना. कोणाला कळायची गरज नाही.”

शुक्रवारी दुपारी आम्ही मांडव उभा करायला घेतला आणि नेमका वारा सुटला. इथला हिवाळी वारा म्हणजे वाळूचे सपकारे मारणारा. कापड शिडासारखं फुगायला लागलं. मांडववाल्याच्या खुंट्या फूटभर लांबीच्या, त्या वाळूत टिकतात होय? पटापट उपटून निघाल्या. तिकडे मॅडम काठापदराची साडी नेसून व्हरांड्यात येरझाऱ्या घालतायत, “सूर्यकांत, पाच वाजता बायका यायला लागतील हो!” मी गेलो आणि साईटवरून आणलेल्या जाड सळयांचे तीन-तीन फुटांचे तुकडे कापले. म्हटलं, आता बघू कसा उडतो.

खणण्याआधी, ठोकण्याआधी नकाशा बघायचा, हा नियम मीच केलेला. पंपरूमच्या भिंतीवर तीन भाषांत रंगवून घेतलेला. नकाशा पंपरूममध्येच होता, वीस पावलांवर. मी गेलो नाही. चौदा वर्षांत सगळ्या लाईनी मला तोंडपाठ आहेत, असा माझा तोरा.

शेवटची सळई बाबाजीने दोन्ही हातांनी धरली होती. मी घण मारत होतो. चौथ्या की पाचव्या घावाला हाताला ‘टक्’ लागलं. आणि मग सळई एकदम सुळकन आत गेली.

बाबाजीने मान वर केली. “दादानू, खाली कायतरी लागला.”

“दगड असतलो. तू नीट धर.”

“दगड असतो तर आत गेली नसती.”

“माका शिकव नको!” मी ओरडलो. “धर म्हटला मां!”

त्याने धरली. मी आणखी दोन घाव घातले. आता तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं पाईपांवर हात फिरवलेला माणूस मी. दगड कोणता आणि प्लॅस्टिक कोणतं हे माझ्या हाताला कळत नाही का? कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. पण वारा होता, मॅडम होत्या, पाच वाजत आले होते. मी मनाशी म्हटलं, नंतर बघू. हळदीकुंकू दणक्यात झालं. तिळगूळ वाटला, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या वाटल्या, माझ्या हातावरही मॅडमनी दोन लाडू ठेवले. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला, मी सळई उपटली, भोकावर पायाने वाळू लोटली. लाईन रिकामी होती, त्यामुळे वर काहीच दिसलं नाही. आणि मी ती गोष्ट डोक्यातून काढून टाकली. म्हणजे काढली असं स्वतःला सांगितलं.

मार्चमध्ये तलाव भरला, पंप चालू केला. सकाळी बघतो तर पाणी वीतभर खाली. परत भरलं. दुसऱ्या दिवशी परत वीतभर खाली. हिरवळीला रोज पाणी घालायचोच, त्यामुळे जमीन ओली दिसली तरी कोणाला काही वाटेना, आणि वाळू काय, किती प्यायली तरी तहानलेलीच. पाच दिवसांत चार टँकर पाणी गेलं. व्हिलातल्या गोऱ्या बायकांनी हेड ऑफिसला फोन केले. हेड ऑफिसने शैलेंद्र सरांना झापलं आणि सरांनी मला बोलावलं.

“सूर्यकांत, हा काय प्रकार आहे? चौदा वर्षांत असं झालं नाही.”

“लाईन फुटली असणार सर. शोधतो.”

“शोधशीलच. पण कशामुळे फुटली हेही त्यांना हवंय. इन रायटिंग. कोणाच्या निष्काळजीपणाने, नाव द्या म्हणतायत.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “त्या बाजूला अलीकडे कोणी खोदकाम केलं होतं का?”

त्यांच्या टेबलावर एक फाईल होती. तिच्यात माझ्या बायकोचा आणि पोरीचा व्हिजिट व्हिसाचा अर्ज होता. चौदा वर्षांत प्रभावती एकदाही इथे आली नव्हती. मी दोन वर्षांनी दोन महिने गावी जायचो, तेवढाच आमचा संसार. पोरगी संपदा अकरा वर्षांची झाली, ती मला पत्रात ‘तीर्थरूप’ लिहायची आणि समोर आलो की दाराआड लपायची. त्या वर्षी मी सुपरवायझर झालो होतो. सरांनी कबूल केलं होतं की एप्रिलमध्ये, परीक्षा संपली की दोघींना दोन महिने बोलावू, पंपरूमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या तुला देतो. सही तेवढी बाकी होती.

मी फाईलकडे बघितलं आणि म्हणालो, “डिसेंबरमध्ये बाबाजीने त्या बाजूला कण्हेर लावली सर. कुदळ मारली होती.”

हे खरं होतं. कण्हेर लावायला मीच सांगितलं होतं आणि कुदळ त्यानेच मारली होती. एक अक्षर खोटं बोललो नाही. पण माझं मलाच ठाऊक, त्या वाक्याएवढं मोठं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.

सरांनी सुस्कारा सोडला. मांडवाचं नाव त्यांनीही काढलं नाही. “ओके,” म्हणाले, “उघडून बघ आधी. मी उद्या अकरा वाजता येतो.”

आम्ही दोघांनी सकाळीच काम सुरू केलं. आधी एकेका लाईनीची दोन्ही तोंडं बुचं लावून बंद केली, हवा भरली आणि दाब दाखवणारा काटा बघत बसलो. पहिल्या लाईनीचा काटा जागचा हलला नाही. दुसरीचा भसकन खाली आला. तीच, हिरवळीखालून जाणारी. मग खणायला घेतलं. ओली वाळू खणणं म्हणजे वैताग. जेवढी काढाल तेवढी कडेची आत येते. प्लायवूडच्या फळ्या दोन्ही बाजूंनी ठोकल्या. बाबाजी खड्ड्यात उतरून हाताने उकरत होता, कारण फावडं लागलं तर पाईपाला आणखी इजा व्हायची. तो असा काळजी घेणारा माणूस. मी वर उभा राहून त्याच्यावर डाफरत होतो, हळू, अरे हळू, डोळे फुटले काय तुझे.

पाईप उघडा पडला. पांढरा, दोन इंची. बाबाजीने फडक्याने पुसला आणि पुसता पुसता थांबला. मी खाली वाकलो. पाईपाच्या डोक्यावर एक गोल भोक होतं, आणि बरोबर त्याच्या खाली, पोटाला, दुसरं. आरपार. बोटाएवढं जाड. कण्हेरीची रांग तिथून चार हात लांब होती.

आपण खोटं बोललो हे माहीत असणं वेगळं आणि ते असं गोल, नेटकं, डोळ्यांसमोर दिसणं वेगळं.

बाबाजीने भोकात करंगळी घालून बघितली. “दादानू,” तो हळूच म्हणाला, “ह्या कुदळीचा काम न्हय.”

“गप रव.”

“माका कित्याक... मी खय काय म्हणतंय? मी आपला सांगलंय.”

खरं म्हणजे ती वेळ होती. खड्ड्यात आम्ही दोघंच, सर यायला अर्धा तास होता. मी म्हणू शकलो असतो, बाबाजी, माझं चुकलं, सर आले की सांगतो. फार फार तर काय झालं असतं? सुपरवायझरकी गेली असती. व्हिसा लांबला असता. चौदा वर्षांच्या माणसाला कोणी विमानात बसवलं नसतं. दहा महिन्यांच्या माणसाला बसवतात. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं, नंतर सुचलं असं म्हणायला तोंड नाही.

मी म्हटलं, “करवत दी.”

भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतवीत सोडून मी पाईप कापला. तो तुकडा वर नेला, पंपरूमच्या मागे कॉंक्रीटवर ठेवला आणि हातोडीने घाव घातला. पहिल्या घावाला भेग गेली. दुसऱ्याला भोकाच्या चिंधड्या झाल्या. तिसरा घाव गरज नसताना घातला. मागे वळलो तर बाबाजी उभा होता. त्याच्या हातात नवीन पाईपाचा तुकडा होता, मीच आणायला सांगितलेला.

त्याने पाईप भिंतीला टेकवून ठेवला, खाली बसला आणि प्लॅस्टिकचे बारके तुकडे वेचायला लागला.

“ऱ्हवान दी ते!” मी ओरडलो.

“पोरांच्या पायांक लागतीत,” तो म्हणाला.

त्याने सगळे वेचले, मुठीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. मला त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. कशाचा राग, ते तुम्ही समजून घ्या.

अकरा वाजता शैलेंद्र सर आले. मी फुटका तुकडा दाखवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. “बाबाजी,” ते म्हणाले, “इथे झाडं लावताना कुदळ तूच मारली होतीस ना?”

बाबाजीने माझ्याकडे बघितलं. असा तसा नाही, चांगलं टक लावून बघितलं. आमच्याकडे धाकट्याने थोरल्याच्या तोंडाकडे बघायचं असतं, थोरला काय ते बोलतो. व्हिसा देणारा तर बापाच्या ठिकाणी. मी खड्ड्याकडे बघत होतो.

“होय साहेब,” तो म्हणाला. “झाडं लावताना मारली होती.”

“मला न विचारता? सूर्यकांतला न विचारता?”

तो परत माझ्याकडे बघत राहिला. मी फळी ठाकठीक करायच्या निमित्ताने खड्ड्यात उतरलो.

“चुकी झाली साहेब,” वरून त्याचा आवाज आला.

सर गेले. आम्ही काम पुरं केलं. जमिनीत दोन्ही टोकं घट्ट असलेल्या पाईपात मधला तुकडा बसवायचा म्हणजे सॉकेटच्या, जोडनळीच्या, आतली कड कानशीने घासून काढावी लागते. मग सॉकेट पूर्ण मागे सरकवायचे, तुकडा मध्ये ठेवायचा आणि सॉकेट दोन्हीकडून जोडावर ओढून आणायचे. चिकटवायचं सोल्युशन लावलं की मोजून काही सेकंद हातात असतात, दोघांनी एकाच वेळी ओढावं लागतं. मी ‘यल्ला’, म्हणजे चल, म्हटलं आणि आम्ही ओढले. दोन्ही एकदम बसले. इतका सफाईदार जोड मी चौदा वर्षांत बसवला नव्हता. आमचे दोघांचे हात वाळूत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, सोल्युशन सुकेपर्यंत तसेच धरलेले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. मला वाटलं, आता हा विचारणार. विचारलं असतं तर मी बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्याने विचारलं ते एवढंच, “दादानू, सोडू आता?”

“सोड,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हवा भरून बघितली, काटा ढिम्म हलला नाही. तलाव भरला. आठवड्यात बाबाजीचा व्हिसा रद्द झाला. हेड ऑफिसने कारण लिहिलं, निष्काळजीपणा. पासपोर्टवर वर्षभराच्या बंदीचा शिक्का. वर्षाने परत यायला कोणती कंपनी त्याला विचारणार होती? खलास. तो तिसऱ्यांदा मान खाली घालून गावी जाणार होता, आणि या वेळी एजंटाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती.

विमान बुधवारी दुपारचं होतं. मी विमानतळावर गेलो नाही. सातव्या व्हिलाचा गीझर बिघडलाय असं सांगितलं. त्या व्हिलाचा गीझर चांगला होता. मी त्यांच्या बाथरूमच्या फरशीवर तासभर पाना हातात घेऊन बसलो होतो.

त्याच आठवड्यात सरांनी प्रभावतीच्या अर्जावर सही केली.

एप्रिलच्या शेवटी दोघी आल्या. मी दोन खोल्यांना रंग दिला होता, करामातून नवीन चादरी आणल्या होत्या, संपदासाठी पोहायचा पोशाख घेतला होता. पोरगी दोन दिवस लाजली आणि तिसऱ्या दिवशी मला चक्क ‘बाबा’ म्हणून हाक मारली. शुक्रवारी सकाळी साहेब लोक उशिरा उठतात. सरांची परवानगी घेऊन मी तिला तलावाच्या उथळ बाजूला उतरवलं. विहिरीत पोहायला शिकलेली पोर, मासळीसारखी सुटली. प्रभावती काठावर खुर्ची टाकून बसली. मी चहा घेऊन आलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची सकाळ म्हणून तीच सांगायला हवी होती.

“मी इसारलंयच,” प्रभावती म्हणाली. “बाबाजीन तुमच्यासाठी कुळथाचा पीठ दिल्यान हा. घरचा, जात्यावरचा.”

माझा चहा हातातच राहिला. “तो खय भेटलो?”

“खय म्हणजे? आमची ट्रंक डोक्यावर घेवन कणकवली स्टेशनापर्यंत तोच इलो. माका म्हणालो, वयनी, दादांका सांगा, त्यांनी कायएक मनात आणू नये. मी गावात सगळ्यांका सांगलंय, पाईप माझ्याच हातसून फुटलो. दादांनी माझ्यासाठी साहेबाकडे खूप शब्द टाकल्यानी, पण जमाक नाय.”

मी कप काठावर ठेवला.

“वाईट वाटला हो माका,” ती म्हणाली. “पोरां हसतत त्याका. तरी तुमच्याबद्दल वाकडा अक्षर नाय. विमानतळावर शेवटपर्यंत मागे वळान बघी होतो म्हणे, दादा येतीत म्हणान. तुमका काम असतला. केवढो प्रामाणिक माणूस बघा, आपली चूक आपण कबूल करता. आजकाल कोण करता?”

तिने हे अगदी सहज, चहा पिता पिता सांगितलं. बाबाजीने मला निरोप पाठवला होता. मला सगळं कळलंय आणि मी कोणाला सांगणार नाही, तुम्ही निर्धास्त राहा, असा निरोप. शिव्या पाठवल्या असत्या तर मी पचवल्या असत्या.

“पाईप माझ्या हातसून फुटलो,” मी म्हटलं.

तिला आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. मांडव, सळई, ‘टक्’ झालेलं, गोल भोक, हातोडी. मध्येच कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं. तिने कप खाली ठेवला.

“त्याका म्हायत होता?”

“होय.”

“आणि त्याका म्हायत आसा, ह्या तुमका म्हायत होता?”

“होय.”

ती उठली. काठाशी गेली. “संपदा, भायर ये.”

“आये, आत्ताच तर उतरलंय!”

“भायर ये म्हटला मां.”

पोर बाहेर आली, कुडकुडत उभी राहिली. प्रभावतीने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आताच्या आता जावन साहेबाक सांगा. आमी हय बसतंव.”

मी गेलो. खरंच गेलो, हे तरी माझ्या नावावर लावा. शैलेंद्र सर लुंगीवर पेपर वाचत बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. विभावरी मॅडम आतून आल्या होत्या, मांडवाचं नाव निघाल्याबरोबर परत आत गेल्या. सरांनी पेपरची घडी घातली.

“सूर्यकांत,” ते म्हणाले, “बरं झालं मला सांगितलंस. आता दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.”

“सर, बाबाजीला परत...”

“कसं शक्य आहे? बॅन लागलाय. आणि हेड ऑफिसला मी काय लिहू? हळदीकुंकवाच्या मांडवाची खुंटी? माझीच नोकरी जाईल रे. फाईल क्लोज झाली आहे.” ते उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी फॅमिली आली आहे ना? इतक्या वर्षांनी आली आहे. एन्जॉय कर. दोन महिने काय, पुढच्या वर्षी परत बोलाव. मी आहे.”

मला म्हणता आलं असतं, मग मीच हेड ऑफिसला जातो. बस पकडून अर्ध्या तासात पोचलो असतो. दुसऱ्या दिवशी शनिवार, ऑफिस उघडं होतं.

मी “बरं सर” म्हटलं.

तलावाशी आलो तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. प्रभावती उभी राहिली.

“सांगलास?”

“सांगलंय.”

“बोलावतले त्याका परत?”

ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची. मी तिच्यासमोर उभा होतो आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, “बोलावतले. वर्षान.”

तिने डोळे पुसले. माझा हात एकदा घट्ट धरला आणि सोडला. मग पोरीच्या अंगावरचा टॉवेल काढून घेतला.

“जा गो,” ती म्हणाली. “पोव जा.”

संपदा धावत गेली आणि तिने पाण्यात उडी मारली.